सहा चुका आणि तोंडवलीच्या दोन खोल्या

रविवार, ९ नोव्हेंबर २००८. टाइपरायटर साफ करायचा दिवस.

मालवणात माझी टायपिंगची संस्था आहे. सहा मशिनं इंग्रजी, चार मराठी. महिन्यातल्या एका रविवारी ती एकेक करून मागच्या पडवीत आणायची आणि जुन्या टूथब्रशला रॉकेल लावून अक्षरांत साचलेली शाई काढायची, हे काम मी कुणावर सोपवत नाही. त्या दिवशी चौथं मशीन समोर होतं. पायरीवर सासूबाई बांगडे कापत होत्या. तीस वर्षं त्या मासळीबाजारात बसल्या. आता विकणं थांबलं, पण मासा दुसऱ्याने कापलेला त्यांना चालत नाही.

तेवढ्यात तोंडवलीहून धाकटी जाऊ आली. नेहमी तिच्या पिशवीत नारळ नाहीतर केळफूल असतं. त्या दिवशी नुसती एक फाईल होती.

तोंडवलीचं घर सासूबाईंच्या नावावर आहे. धाकटा दीर होडीवर जातो. जावेने तीन वर्षांपूर्वी घराशेजारी माडांत दोन खोल्या बांधून घेतल्या आणि पाहुणे ठेवायला सुरुवात केली. शिक्षण दहावी. पाहुणे यायचे ते प्रवासाच्या एका वेबसाइटमुळे. तिथे लोक इंग्रजीत विचारायचे, तोंडवलीला कुठे राहावं, समुद्र कसा आहे, जेवण मिळतं का. जाऊ आठवड्यातून एकदा मालवणच्या सायबर कॅफेत यायची आणि स्वतः उत्तरं टाइप करायची. कुणाकडून लिहून घेतलं नाही. दोन सीझन खोल्या बऱ्यापैकी भरल्या.

"आये, हेच्यार सही होयी," ती फाईल उघडत म्हणाली. "गोव्याचो एजंट आसा. दोनय खोल्ये तो चालवतलो. पाच वर्सांचो करार. बुधवारी येतलो."

"आणि तू काय करतलंस?" सासूबाईंनी सुरी खाली ठेवली नाही.

"जेवाण माझ्याकडे. साफसफाय माझ्याकडे. पगार देतलो."

"म्हणजे तुझ्याच घरात तू नोकर?"

"मगे काय करू? दिवाळी झाली, एक माणूस इलो नाय. नाताळाचा कोणी इचारूक नाय. माका इंग्लिश येना नाय, ता सगळ्यांका कळला मा आता." माझ्याकडे न बघता ती हे बोलली. मग बघितलं. "तुमी बोललास ता खोटा नाय, वयनी. पण झाला ता झाला."

मी ब्रश बाजूला ठेवला.

काय झालं होतं ते सांगते. आदल्या वर्षी घरी ब्रॉडबँड आलं आणि मला एक सवय लागली. संध्याकाळची शेवटची बॅच गेली की मी कॉम्प्युटरवर बसायची. कुणी चुकीचं स्पेलिंग लिहिलेलं दिसलं की खाली दुरुस्ती लिहायची. देवगडच्या आंब्याच्या जाहिराती, विजयदुर्गाची माहिती, आखातात गेलेल्या लोकांच्या गप्पा, मी काहीच सोडलं नाही. एकाने आभार मानले. एकाने विचारलं, तुम्हाला घरी काम नाही का? त्याच्या त्या प्रश्नातही एक चूक होती, तीही मी दाखवली. वाईट काहीच वाटलं नाही. टायपिंगच्या परीक्षेत चुकांचे गुण कापतात. ज्याचे कापले त्याने सुधारावं, इतकं साधं माझं गणित होतं.

तसंच ऑक्टोबरच्या सुरुवातीला जावेचं एक उत्तर समोर आलं. पुण्याच्या एका कुटुंबाने खोल्यांची चौकशी केली होती आणि तिने आठ ओळी लिहिल्या होत्या. सहा चुका. 'बाथरूम'मधला एच गायब, 'अटॅच्ड'मधला एक टी कमी, आणि आणखी चार. मी खाली सहाही ओळीने लिहिल्या, चुकीचं डावीकडे, बरोबर उजवीकडे. वर तिला फोन केला, "तुझ्या चुका काढून ठेवल्यात, वाच." मला वाटलं होतं, तिला उपयोग होईल.

दोन दिवसांनी तिथेच एका गृहस्थाने लिहिलं, ज्यांना बाथरूम लिहिता येत नाही त्यांचं बाथरूम कसं असेल? त्यावर चारपाच जण हसले. पुण्याच्या कुटुंबाने पुढे काही विचारलं नाही. जाऊ ते एकदा वाचून गेली, त्यानंतर सायबर कॅफेत आली नाही. हे सगळं मी वाचलं होतं. हसणारे लोक हलकट आहेत असं म्हणून मी पान बंद केलं होतं. पुसायला गेले तर वेबसाइटवर जुनं लिखाण पुसता येत नव्हतं.

"चुको होत्यो का नाय होत्यो?" मी पडवीत विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

"होत्यो गो," सासूबाईच बोलल्या. "मासो शिळो असलो तर तो शिळोच. पण बाजारात आमची काय रीत होती? गिऱ्हाईक उभा असताना दुसरीच्या टोपलेक नाव ठेवूचा नाय. गिऱ्हाईक गेला की मगे सांग, भांड, काय ता कर."

"आणि ठेवला तर?"

"ठेवला तर ती टोपली तुझी. सगळे मासे तू घेवचे. माझ्या तोंडान एकदा सुटला, बायल सुरमई घेय होती, मी म्हटलंय, ती कालची आसा. बायल गेली. त्या दुसरीची सुरमई दुपारपर्यंत तशीच. मगे सगळ्यांनी माझ्याकडे बघितल्यानी. काय करतलंय? उचलली. मीठ घालून म्हयनोभर खाल्ली. तुझ्या घोवाक इचार, अजून नाव काढलंय तर तोंड वाकडा करता."

जाऊ हसली. फाईल मिटली नाही, पण हसली.

मी मशीनवर झाकण घातलं. सहा मशिनं बाकी होती, ती राहू दिली. माफी मागायचा विचार मनात आला होता, पण माफीने खोली भरत नाही. टोपली उचलायची तर पूर्ण उचलायची.

"तुझी खोली आज रिकामी आसा?" मी जावेला विचारलं.

"दोनय रिकामे. कित्याक?"

"एक माका दी. आज रवतलंय, सकाळी जातलंय. पावण्याक घेतंस तितकेच पैसे घेवचे."

"खुळे झालास काय, वयनी? घरातल्या माणसाकडून?"

"मी घरातली नाय. मी गिऱ्हाईक."

"बरा," ती म्हणाली. "पण गिऱ्हाईक हुकूम करूक लागला तर मी ऐकूचंय नाय."

सासूबाईंनी फाईल तिच्याकडून घेतली आणि बांगड्यांच्या परातीपासून लांब, कोनाड्यात ठेवली. सही केली नाही. नाही, असंही म्हणाल्या नाहीत. "बुधवार लांब आसा," एवढंच.

चारच्या एसटीने आम्ही दोघी तोंडवलीला गेलो. माझी त्या खोल्यांत राहायची ही पहिलीच वेळ. इतकी वर्षं मी मधल्या घरात उठायची-बसायची, खोल्यांकडे लांबून बघायची. आता बघायचंच तर नीट बघितलं. चादर धुतलेली, कोपऱ्याला एक रफू. खिडकीची एक कडी सैल. बाथरूममध्ये फरशी कोरडी, बादली घासलेली, मगाला चीर नाही. मागच्या बाजूच्या चुलीवरून गरम पाणी मागितल्याबरोबर आलं. जेवायला तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं आणि उकड्या तांदळाचा भात. सोलकढी जरा पातळ होती, तसं मी तिला सांगितलं.

"लिवतलास काय ता पण?" जाऊ म्हणाली.

"नाय. ता तुकाच सांगतंय. दुसरो कोण नाय हय."

ताटं उचलून झाल्यावर तिने कपाटातून एक वही काढली. तिच्या सगळ्या उत्तरांचे कच्चे मसुदे त्यात होते. आधी वहीत लिहायची, मग मालवणला येऊन टाइप करायची. शेवटच्या पानावर पुण्याच्या त्या कुटुंबासाठी लिहिलेलं दुसरं उत्तर होतं. सोबत आजोबा आहेत, त्यांना पायऱ्या चढता येत नाहीत, तर चालेल का, असं त्यांनी पहिल्याच चौकशीत विचारलेलं, आणि पहिल्या उत्तरात ते राहून गेलेलं. तिने लिहून ठेवलं होतं की पायरी एकच आहे, तीही ठेंगणी, आणि आजोबांसाठी खुर्ची माडाखाली सावलीत ठेवते. महिनाभर ते उत्तर वहीतच होतं.

"ह्या धाडूचा काय?" तिने विचारलं.

"धाडूचा तर."

"मगे आत्ताच काय ता सांगा. पेन्सिल घेवा. मागसून सगळ्यांच्या समोर नको."

मी पेन्सिल घेतली. पाच चुका निघाल्या. तिने चार मानल्या आणि स्वच्छ अक्षरात सगळं पुन्हा उतरवलं. पाचवीवर ती अडून बसली. सायबर कॅफेवाल्याने तिला तसंच सांगितलं होतं म्हणे. मी शब्दकोशाची शपथ घेतली, तरी ऐकेना. शेवटी तो शब्दच काढून टाकला आणि दुसरा घातला, जो दोघींनाही येत होता.

चुका दाखवायच्या की नाही, हा प्रश्न माझ्यापुरता तिथे मिटला. दाखवायच्या. चुकीचं बरोबर होत नाही आणि मला ते दिसायचंही थांबणार नाही. पण ज्याची चूक त्याला एकट्याला, पेन्सिलीने. आणि ज्याच्याजवळ जाऊन बसता येत नाही, त्या परक्या माणसाची चूक माझी नव्हे. तिकडे गप्प राहायचं.

सोमवारी सकाळी मी खोलीचे पैसे टेबलावर ठेवले आणि पहिल्या एसटीला निघाले. थांब्यापर्यंत जाऊ आली.

"बुधवारी तो एजंट इलो तर तेका काय सांगू?"

"च्या दी," मी म्हटलं. "आणि खोल्ये माझे मीच चालवतंय म्हणान सांग. सांगूचा असला तर."

"सांगतंय," ती म्हणाली आणि मागे वळली. पाणी तापवायचं होतं.

घरी आले, चप्पल काढली आणि थेट कॉम्प्युटरसमोर बसले. माझ्या सहा चुकांच्या यादीखाली लिहिलं: वरची यादी मी केली. या बाईंची मी जाऊ आहे, तेव्हा माझं म्हणणं तेवढं वजा करून वाचा. काल मी पैसे देऊन त्यांच्या खोलीत राहिले. बाथरूमबद्दल ज्यांनी विचारलं होतं त्यांच्यासाठी: फरशी कोरडी होती, बादली स्वच्छ होती, पाणी गरम होतं. खिडकीची एक कडी सैल आहे.

त्याखाली जावेने उतरवून दिलेला कागद स्टँडला लावला आणि तिच्या नावाने, अक्षर न अक्षर बघून, आजोबांचं उत्तर टाइप केलं. पाठवलं. मग संस्थेचं दार उघडलं आणि आठची बॅच आत येईपर्यंत पाचव्या मशीनचा 'ई' घासून काढला.