लच्छूची दादी

दादी लहान मुलाचा हात कधीच धरत नसे, मनगट धरत असे. उल्हासनगरातल्या आमच्या गल्लीतून शाळेपर्यंत ती आम्हा चार-पाच पोरांना पोचवायला यायची. रस्ता ओलांडताना जे पोर हाताशी येईल त्याच्या मनगटावर तिची बोटं अशी आवळत, की प्रार्थना संपेपर्यंत वळ दिसायचे. एकदा मी रडवेली होऊन म्हटलं, "दादी, दुखतंय." ती म्हणाली, "दुखू दे. हात सुटतो, बेटा. मनगट सुटत नाही."

ती आमची कोणी नव्हती. शेजारच्या बरॅकीतल्या एका खोलीत एकटीच राहायची, शर्टांना काजं-बटणं करायची. सगळे सिंधी तिला दादी म्हणत म्हणून आम्हीही म्हणायचो. पंचेचाळिशीच्या बाईला आजी का म्हणतात, हे मला बरीच वर्षं कळलं नाही. सिंधीत दादी म्हणजे थोरली बहीण. हे फार उशिरा कळलं, आणि कोणाची बहीण ते त्याहून उशिरा.

रांग मात्र तिला चालत नसे. रेशन असो, दवाखाना असो, रांग दिसली की ती माघारी फिरायची. नळावर सगळ्यांचं भरून झालं, धार करंगळीएवढी झाली, की मग कळशी घेऊन यायची. "रांगेत एकदा उभी राहिले, बस झालं," एवढंच म्हणायची. पुढे पुढे माझी आई न विचारताच तिचा हंडा भरून ठेवू लागली.

लग्न होऊन मी विठ्ठलवाडीला आले तरी तिच्याकडे जाणं-येणं होतं. अंबरनाथला आम्ही काही जण रविवारी सकाळी वाचनालयाच्या हॉलमध्ये परदेशी सिनेमे दाखवायचो. ती सत्तरी ओलांडलेली, दिवसभर घरात एकटी; म्हटलं, तेवढंच बाहेर पडणं होईल. त्या दिवशीचा सिनेमा लढाईतून पळालेल्या कुर्दिश मुलांचा होता. खालची इंग्रजी अक्षरं मी तिला वाचून सांगायला लागले, तर म्हणाली, "राहू दे. मला कळतंय."

तंबूंची वस्ती होती. एक मोठी बहीण धाकट्या भावाला तंबूपाशी बसवते आणि पावाच्या ट्रककडे धावते. दादी एकदम मोठ्याने म्हणाली, "उसको छोड़के मत जा गं!" लोकांनी वळून पाहिलं. मी तिला उठवायला गेले, पण ती उठली नाही. दिवे लागेपर्यंत पदराचं टोक मुठीत धरून बसून राहिली.

बाहेर बाकावर चहा घेतला. तो तिने प्यायला नाही.

"ही मुलं कुठली?"

"इराकच्या तिकडची, दादी. लढाईत गाव सोडून आलेली."

"फाळणीत आम्ही इथल्या छावणीत आलो तेव्हा मी नऊची होते," ती म्हणाली. "लच्छू चारचा. माझा भाऊ. बाबा सिंधमध्येच राहिले, मागून येतो म्हणाले. अम्मा तापाने पडलेली. सकाळी पाण्याचा टँकर आला. लच्छू म्हणाला, मैं भी आऊं. त्याचा हात धरून नेलं. रांगेत ढकलाढकली झाली, घागर दोन्ही हातांनी धरावी लागली. त्याला म्हटलं, इथेच उभा राहा, दादी अभी आती है. भरून वळले, तर नव्हता."

"मग?"

"मग काय? पाणी घेऊन घरी गेले. अम्माला पाणी हवं होतं ना."

कप बाकावर ठेवून म्हणाली, "सगळ्या बरॅकी शोधल्या. मिळाला नाही. अम्माने मरेपर्यंत मला एकदाही विचारलं नाही, कुठे सोडलंस म्हणून. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

तो विषय तिने पुन्हा काढला नाही. पुढे तिची बरॅक धोकादायक म्हणून रिकामी केली आणि चुलतभावाची मुलगी कविता तिला बदलापूरला, मांजर्लीतल्या आपल्या फ्लॅटवर घेऊन गेली. तिथे दादीची आठवण विसकटली. ती जिना उतरून रस्त्यावर जायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, "चार साल का बच्चा देखा क्या?" कविता रडकुंडीला येऊन मला फोन करायची.

अशाच एका दुपारी मी गेले. दादी फाटकाला धरून उभी होती, पायात चप्पल नव्हती. मला ओळखलं नाही. तोच प्रश्न विचारला. मला ते बघवेना. मी म्हटलं, "सापडला, दादी. लच्छू सापडला."

तिचा चेहरा असा उजळला, की तसा मी आयुष्यात कधी पाहिला नव्हता. केस सारखे केले, पदर नीट घेतला. "जेवला का तो?"

"जेवला."

"तो ले आओ ना."

मी वर नेऊन तिला खुर्चीत बसवलं आणि निघून आले.

त्यानंतर ती रस्त्यावर गेली नाही. कविता म्हणाली, बरं केलंत ताई. दादी दाराकडे तोंड करून बसायची. बेल वाजली की उठायची, दूधवाला नाहीतर शेजारीण पाहून परत बसायची. आपल्या ताटातली अर्धी पोळी बाजूला काढून ठेवायची. पाच महिने हे चाललं. मरणाआधीच्या शेवटच्या आठवड्यात तिने कविताला विचारलं, "वो मुझसे नाराज़ है क्या?"

तो हरवलाय, हे तिने सत्तरहून जास्त वर्षं सोसलं होतं. तो सापडलाय आणि तरी येत नाही, हे तिला माझ्यामुळे सोसावं लागलं.