आजोबांच्या श्राद्धाचा कावळा

यंदा आमच्या घरी आजोबांच्या श्राद्धाचं जेवण दुपारी साडेतीनला झालं आणि त्याला मी जबाबदार आहे. घरात हे अजून कुणाला माहीत नाही. (बंगळूरमधल्या राजाजीनगरच्या आमच्या घरात मराठी बोलतात सगळे, वाचायला मी एकटीच शिकले. म्हणून तर इतक्या धीटपणे लिहिते आहे!)

मला माणसांशी बोलायला जमत नाही. पक्ष्यांचं बरं असतं, ते लग्नाचं विचारत नाहीत. म्हणून मी परसातल्या पेरूला दाण्यांचा फीडर टांगला. आठवड्याभरात मुनिया आल्या, बुलबुल आले. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून मी खिडकीत बसू लागले. मग कावळे आले. सात! ते फीडरवर झोके घेत दाणे उडवायचे आणि मुनिया कुंपणावर अंग चोरून बसायच्या, लग्नघरात मी बसते तशा.

चकाकणाऱ्या वस्तू टांगा, असा उपाय इंटरनेटवर सापडला. कपाटात आत्याच्या मुलाच्या लग्नाच्या जुन्या सीडी होत्या, भाग एक ते पाच. (आत्याला आम्ही सगळे अक्का म्हणतो.) पाचही टांगल्या. उन्हात त्या अशा लखलखल्या की दोन दिवसांत कावळे नाहीसे झाले. मुनियांना मात्र लगेच सवय झाली. पुढचे पंधरा दिवस मी फार सुखात काढले.

सोळाव्या दिवशी श्राद्ध होतं.

अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, परसातल्या भिंतीवर केळीच्या पानात खीर, वडे, भात मांडला. कावळ्याने घास घेतल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही, ही आमची पद्धत. दरवर्षी पान मांडायच्या आधीच कावळे भिंतीवर हजर असतात. यंदा एकही नाही! एक वाजता अप्पा स्वतःच ‘काव काव’ करू लागले. दोन वाजेपर्यंत बंगळूरचे सगळे कावळे आमच्या पोटात ओरडत होते.

“बाबांची काहीतरी इच्छा राहिलीय,” अक्का म्हणाली.

मग वचनं सुरू झाली. अप्पांनी तंबाखू सोडायचं कबूल केलं. (ते तंबाखू खातात हे आईला तेव्हाच कळलं.) अक्काने आजोबांचा चांदीचा तांब्या परत आणून द्यायचं मान्य केलं. (तो चोरीला गेला असं आम्ही बारा वर्षं समजत होतो.) कावळा नाही तो नाहीच.

मी धीर करून म्हटलं, “अप्पा, त्या झाडावरच्या सीडी...”

“स्वल्प गप्प बस गं,” अक्का तिच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाली. “बाबांना ऐकू येऊ दे.”

मी गप्प बसले. त्यात माझा हात कुणी धरणार नाही. कात्री घेऊन हळूच पेरूमागे गेले आणि एकेक सीडी कापून ओढणीत लपवू लागले. चार झाल्या. पाचवीच्या दोऱ्याला कात्री लावली, तेवढ्यात अप्पांनी डोळे मिटून हात जोडले.

“बाबा, वर्षाच्या आत हिचं लग्न करतो.”

दोरा तुटला. शेजारच्या नारळावरून कावळा थेट पानावर उतरला आणि वडा घेऊन गेला!

“ऐकलं हो त्यांनी,” अक्का पदराने डोळे पुसत म्हणाली. मग तिची नजर माझ्याकडे वळली. “तू तिथे काय करतेस?”

ओढणीत तिच्या मुलाचं अख्खं लग्न होतं. मी म्हटलं, “पक्षी बघतेय.”

तेव्हापासून दर रविवारी कुणी ना कुणी मला बघायला येतं. खरं सांगून टाकलं तर मी सुटेन. पण त्यासाठी सगळ्यांना समोर बसवून पाच मिनिटं बोलावं लागेल. त्यापेक्षा लग्न सोपं!