मामांची गाडी तपासणीला निघते

तपासणीला निघालेल्या माणसाचा चेहरा वरातीला निघाल्यासारखा फुललेला असावा, असं उदाहरण पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे आणि ते माझ्या बायकोच्या मामांचं आहे. बाकीची माणसं रक्ततपासणीला टाळाटाळ करतात, पोरांची परीक्षा आली की नवस बोलतात. मामांना मात्र कुणी आपलं काही तपासतो म्हणालं, की अंगावर मूठभर मांस चढतं. त्यांची अख्खी नोकरी वजनमापे निरीक्षकाची. वैजापूरला त्यांची एसटी फाट्यावर थांबली, की कांद्याच्या मोंढ्यातल्या काट्यांना घाम फुटायचा म्हणतात. एकदा सख्ख्या मेहुण्याच्या दुकानातलं किलोचं माप तोळाभर कमी भरलं, तर मामांनी आधी त्याच्याकडचा चहा परत केला आणि मग माप जप्त केलं. त्या मेहुण्याची बहीण म्हणजे आमच्या मामी. त्यांनी दोन महिने मामांना पोळीवर तूप वाढलं नाही. मामांनी ती कोरडी पोळी निमूट खाल्ली, कारण शिक्षा मापात होती.

अशा माणसाच्या हाती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी थोरली असलेली एक पांढरी, गोल नाकाची मोटार लागली, आणि निवृत्तीनंतर त्यांच्या आयुष्याला स्वस्थता म्हणून मिळालीच नाही. तशी ती कधीच नव्हती. मामा खुर्चीत बसतात तेही टोकावर, कुणीतरी आता हाक मारणारच आहे अशा बेताने. एक पाय कायम हलत असतो. जेवता जेवता उठून ते टायरची हवा बघून येतात. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना, गाडी उतारावर लावली आहे हे त्यांना आठवलं, आणि अंतरपाट धरायला उभे असलेले मामा तो तसाच दुसऱ्याच्या हातात देऊन हँडब्रेक बघायला पळाले. तेव्हापासून ते मला ‘जावईबापू’ म्हणतात आणि मी त्यांना ‘मामा’ म्हणत जमेल तेवढा लांब राहतो. पण सिडकोत आमची दोन घरं एका गल्लीच्या अंतरावर आहेत, त्यामुळे ते फारसं जमत नाही.

कायद्याने अशा जुन्या खाजगी गाडीला दर पाच वर्षांनी आरटीओकडे नेऊन फिटनेस दाखवावा लागतो. मामांना पाच वर्षं दम कुठला? दिवाळी उरकली की ते दरवर्षी गाडी धुऊनपुसून स्टेशनकडे निघायचे आणि आरटीओच्या मैदानात रांगेत उभे राहायचे. तिथले साहेब हात जोडून म्हणायचे, “काका, तुमची मुदत अजून तीन वर्षं आहे.” मामा म्हणायचे, “मुदत कागदाची आहे हो. ब्रेकला कुठं वाचता येतं?” एखादा साहेब दया येऊन उभ्याउभ्या नजर फिरवायचा आणि “एकदम ओके” म्हणायचा. परतीच्या वाटेवर मामांचा जळफळाट सुरू. “वाकला का तो? नाय वाकला. जो वाकून बघत नाय, त्याच्या ओकेला काय चाटायचं हाय?”

शेवटी त्यांनी वार्षिक तपासणी घरीच सुरू केली. गल्लीच्या टोकाला मोकळं मैदान आहे. तिथे गाडी मधोमध उभी, मामांनी हाताने आखलेला तक्ता, आणि निरीक्षक मी. मला गोणपाटावर झोपवून गाडीखाली सरकवलं जायचं आणि वरून प्रश्न यायचे, “ऑइल गळतंय का? नीट बघा, दया दाखवू नका.” एका वर्षी हॉर्न बटण दाबल्यावर जरा उशिराने वाजला. मी ते सोडून दिलं. मामांनी मात्र स्वतःच्या हाताने तक्त्यावर ‘नापास’ लिहिलं आणि गाडीला तीन आठवडे घरी बसवलं. गंगापूरला भाचीचं लग्न होतं. मामा-मामी भर उन्हात वडाप जीपला लटकत गेले आणि गाडी इथे सावलीत उभी. मोंढा नाक्याजवळचा त्यांचा म्हातारा मिस्त्री मला एकदा कळवळून म्हणाला, “साब, गाडी में कुछ खराबी नई है. हर हफ्ते आके बोल्ते, कुछ तो होयेंगा, ढूंडो. अब मैं क्या ढूंडू?”

गेल्या वर्षी खरी, पाच वर्षांची तपासणी आली. यात गाडी नापास होऊन बसली तर रस्त्यावरून कायमची उठणार होती. मग भंगारवाल्याला विकायची नाहीतर अंगणात तुळशीसारखी पुजायची. आठ दिवस मामांनी गल्ली डोक्यावर घेतली. दिवसातून तीनदा ते बोनेट उघडायचे आणि काही न करता बंद करायचे. मी म्हटलं, “मामा, गाडी ठणठणीत आहे.” तर माझ्याकडे न बघता म्हणाले, “ठणठणीत हाय, व्हय. पण काहीतरी हुकतंय, जावईबापू. काय हुकतंय ते सापडंना.”

आम्ही निघालो तेव्हा मामा चालवत होते, मी शेजारी, आणि मामी मागच्या सीटवर, मांडीवर रेडिएटरसाठी पाण्याचा कॅन आणि पायाशी डबा. जालना रोडवर मामा अशा वेगाने चालवत होते, की सायकलवाले मागे वळून बघत होते. मागून मामी सारख्या काहीतरी बोलत होत्या. “पुढं रिक्षा थांबलीय बरं का. सिग्नल लाल झाला वाटतं.” मला वाटलं, म्हातारपणी बायका बडबडतात तशी बडबड.

मैदानात निरीक्षक म्हणून एक तरुण मॅडम होत्या. खाकी वर्दी, हातात पॅड, कपाळावर आठी. त्यांनी आधी चेसिस नंबर शोधला, त्यावर कागद धरून पेन्सिल घासली, उमटलेला आकडा कागदपत्रांशी ताडला. मग दिवे, वायपर, हॉर्न. आणि मग टोपी काढून माझ्या हातात दिली, जमिनीवर हात टेकला आणि गाडीखाली डोकं घातलं. मामांनी माझा दंड इतका जोरात दाबला की वळ उठला. “वाकल्या!” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “जावईबापू, मॅडम वाकल्या!” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

शेवटी ब्रेक. मैदानात चुन्याची पांढरी रेघ होती. गाडी वेगात आणून तिच्यावर थांबवायची. मामांनी आणली आणि रेघेच्या पुढे दोन हात गेली. “परत घ्या.” या वेळी तीन हात. मॅडमनी स्वतः पेडल दाबून पाहिलं, मग चाकाशी बसून पाहिलं, आणि उठून मामांच्या खिडकीशी आल्या.

“काका, समोरच्या भिंतीवर काय लिहिलंय?”

मामांनी मान ताठ करून खणखणीत आवाजात म्हटलं, “वाहन सावकाश चालवा, घरी तुमची कुणीतरी वाट पाहत आहे.”

मी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर लिहिलं होतं, ‘पिण्याचे पाणी मागील बाजूस आहे.’

मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या, “ती पाटी दिवाळीच्या आधी पुसली, काका.” आणि मग, “ब्रेक चांगले आहेत. तुम्हाला रेघ दिसत नाहीये.”

मामांचा हलता पाय थांबला. इतक्या वर्षांत तो थांबलेला मी पहिल्यांदा पाहिला. कुणीतरी दुसऱ्याने गाडी चालवून दाखवायला हवी होती. मी मोठ्या उत्साहाने बसलो. त्या गाडीचा गिअर स्टिअरिंगलाच आहे. मी पहिला टाकला म्हणून जो टाकला तो रिव्हर्स निघाला. गाडी मागच्या रांगेतल्या टेंपोकडे धावली आणि आचके देऊन बंद पडली. रांगेत हशा पिकला.

तेव्हा मागचं दार उघडलं. मामी उतरल्या, कॅन खाली ठेवला, पदर खोचला आणि मला म्हणाल्या, “सरका.”

पर्समधून त्यांनी स्वतःचं लायसन्स काढून मॅडमना दाखवलं. मग गाडी सुरू केली, मैदानाच्या टोकाला नेली, वळवली, वेगात आणली, आणि पुढची चाकं रेघेवर अशी थांबली की चुना उडाला नाही.

मामा तोंड उघडं टाकून बघत होते. “कधी?” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

“दोन वर्षं झाली,” मामी खिडकीतून म्हणाल्या. “बिडकीनच्या रस्त्यावर ती म्हैस तुम्हाला दिसली नाय, त्याच आठवड्यात क्लास लावला. तुम्ही पेन्शनरांच्या बैठकीला गेले की मी हिला मैदानात फिरवायची.”

“पण किलोमीटरचा आकडा...”

“तो तरी कुठं वाचता येत होता तुम्हाला?”

“बोनेट गरम लागायचं मला!”

“मी म्हणायची, ऊन लई आहे. तुम्ही म्हणायचे, व्हय.”

मॅडमनी पॅडवर सही केली. गाडी पास. मामांनी शर्टाच्या खिशातून आपलं लायसन्स काढलं, रुमालाने पुसलं आणि त्यांच्यापुढे धरलं. “हे ठेवून घ्या. जे माप खोटं झालं, ते मी वापरत नाय.” मॅडम गोंधळल्या. म्हणाल्या, “असं ठेवून घेता येत नाही, काका. आधी डोळे दाखवा. मोतीबिंदू असेल तर निघेल.” मामांनी ते कार्ड तसंच धरून ठेवलं. शेवटी मामींनी हात लांब करून ते घेतलं आणि पर्समध्ये आपल्या लायसन्सच्या मागे ठेवलं.

मोतीबिंदू होताच, तो निघाला. पण त्याच्या मागे काचबिंदूही होता, आणि त्याने जेवढी नजर नेली होती ती परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. हे ऐकताना मामांनी डॉक्टरांना फक्त एक विचारलं, “तुम्ही नीट वाकून बघितलं ना?” डॉक्टर हो म्हणाले. त्यावर मामांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

आता रविवारी सकाळी मामी त्यांना पैठण रस्त्याने फिरवून आणतात. कधी कधी मी मागे बसतो. मामांना रस्ता अजून पाठ आहे. खिडकीवर बोटं वाजवत ते पुढचं पुढचं सांगत असतात, डाव्या हाताला लिंब येईल, मग विहीर, मग रसवंती. यातलं बरंच आता नाही. लिंब तुटला, विहिरीवरून कारखान्याची भिंत गेली. बिडकीनच्या अलीकडे पूर्वी एक वाकडं वळण होतं. रस्ता रुंद करताना ते काढून टाकलं, आणि आता तिथून ट्रक सरळ सुसाट जातात. पण मामांनी “वळण आलं, हळू” म्हटलं, की मामी खरोखरच गिअर खाली घेतात, गाडी अगदी कडेला आणतात आणि सरळ रस्त्यावरून सावकाश पुढे काढतात. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवत राहतात.