खातंस का न्हाय?

ओटीवर मिरच्यांची देठं खुडत बसले होते. हे अर्धी शिफ्ट टाकून भिवंडीहून आले आणि दारातूनच म्हणाले, "कशेळीला चल." लूम सोडून माणूस भरदुपारी घरी येतो, तेव्हा काय झालं ते विचारावं लागत नाही. माझा थोरला भाऊ हिराजी, कशेळीचा आमचा दादा, गेला. महिना उलटला त्याला. तेराव्याच्या पंगतीत एक शहाणे पाहुणे म्हणाले, "माणूस चांगला हो, पण कंपनीच्या नियमापायी बहिणीच्या घराला आग लावली त्यानं." माझ्या हातात भाताचं पातेलं होतं, म्हणून तेव्हा गप्प बसले. आता बसणार नाही.

दादा मुंबईला एका विमान कंपनीच्या मालखात्यात होता. तेव्हा राघू, मुनिया, माकडं पेट्यांत कोंबून परदेशी धाडली जायची. त्यांना सगळे 'माल'च म्हणायचे आणि त्यातला कितीतरी माल वाटेतच मरायचा. मग त्याच्या कंपनीनं ठरवलं, की रानातून धरलेलं पाखरू नि जनावर आपल्या विमानात चढवायचं नाही; पिंजऱ्यात जन्मलेलं असेल तरच. गोदामाच्या भिंतीवर तसा फलक लागला. आमच्याकडे लोकांना हसायला विषय मिळाला. विमानवाल्यांना पाखरांचा पुळका कधीपासून आला, म्हणायचे. दादा म्हणायचा, "जो स्वतः उडतो, त्यानं उडणाऱ्याला पेटीत घालून न्हाय न्यावं. मला तर पटलं बाबा."

आणि माझ्या सासरी, खारबावला, थोरल्या दिरांचा धंदा तोच! झाडांच्या ढोलीतून राघूंची पिल्लं काढायची, ओटीवर वाढवायची, पेट्या ठोकून मुंबईच्या व्यापाऱ्याला द्यायची. चारायचं काम माझ्याकडे. भिजवलेली डाळ, मिरची पुढे करून मी एकेकाला विचारायचे, "खातंस का न्हाय?" आमची आई आम्हा भावंडांना असंच दटावून विचारायची, 'न्हाय' जरा लांबवून. तोच सूर माझ्या जिभेवर बसला होता... आई गेली तरी.

एकदा त्या व्यापाऱ्याच्या पेट्या दादाच्या पुढ्यात आल्या. वर लिहिलेलं, उत्तरेकडच्या शहरात पिंजऱ्यात पैदास झालेले पक्षी. दादानं आतले जिवंत आहेत का बघायला पेटीवर टिचकी मारली. आतून आवाज आला, "खातंस का न्हाय?" मग दुसऱ्या पेटीतून, मग तिसऱ्या. हमाल पोट धरून हसले. दादा मला पुढे म्हणाला, "बाय, अंगावर काटा आला. वाटलं, आईच बोलली. मग कळलं, तू बोलतेस." कोणाचं घर, कोणाचा धंदा, सगळं त्याला त्याच क्षणी कळलं होतं. साहेबापासूनही त्यानं ते लपवलं नाही. साहेब म्हणाला, "घरचंच आहे, तर एक खेप जाऊ दे की. पाखराच्या बोलण्यावर कोणी माल अडवतं का?" दादा म्हणाला, "उत्तरेतलं पाखरू माझ्या आईसारखं न्हाय बोलत, साहेब. आज बहिणीची पेटी सोडली, तर उद्या परक्याची कुठल्या तोंडानं अडवू?" पेट्या अडल्या. कंपनीही नियमाला धरून राहिली, हे कबूल करायला हवं. पाखरं रानात सोडली. एकाचा पंख मोडला होता, ते दादानं घरी नेलं.

दिरांचा धंदा बसला. त्यांनी सांगून टाकलं, "आमच्या पोटावर पाय देणाऱ्याचं तोंड न्हाय बघायचं." कुठला पोटावर पाय? ह्यांनी लूमवर ड्युटी धरली, दीर भातशेतीकडे वळले, घरात एक दिवस चूल विझली नाही. पेट्या गेल्या असत्या, तर वाटेत मेली असती ती पाखरं. भाऊबीजेला दादाला आमचं दार बंद झालं, तर मी ओवाळणीचं ताट घेऊन एसटीत बसले नि कशेळी गाठली. भावानं बहिणीकडे यायचं ही रीत आम्ही उलटी केली, आणि दरवर्षी केली. पहिल्या वर्षी त्यानं खाली बघत विचारलं, "रागावलीस, बाय?" मी म्हटलं, "पेढा तोंडात घाल आधी. खातंस का न्हाय?" तो हसता हसता रडला... मीही.

आता तो राघू कोणी ठेवायचा, यावर तेराव्याला चर्चा झाली. मी कोणाला विचारलं नाही. पिंजरा उचलला, खारबावला आणला आणि जिथं पेट्या ठोकल्या जायच्या, त्याच ओटीवर टांगला. दार उघडंच असतं. उडता येत नाही बिचाऱ्याला. दीर म्हणाले, "हे या घरात न्हाय चालणार." मी म्हटलं, "चालेल."

रोज सकाळी मिरची घेऊन जाते. मी तोंड उघडायच्या आत राघू माझ्याच आवाजात विचारतो, "खातंस का न्हाय?" मग मान वळवतो आणि दादाच्या घोगऱ्या आवाजात स्वतःच उत्तर देतो, "खातो गं, बाय." दीर तेवढ्यात ओटीवरून जात असले, तर पाऊल उचलतात झपझप. जाऊ देत. पिंजरा तिथून हलणार न्हाय.