अण्णांच्या जागी म्हैस

"अण्णांचा रोल बंद करा," चॅनलच्या ऋचा मॅडम म्हणाल्या. "कॉमेडीला स्पीड लागतो. ते वर पोहोचेपर्यंत प्रेक्षक दुसरं काहीतरी लावतो."

हडपसरच्या एडिट रूममध्ये आम्ही तिघे होतो. मॅडम, दिग्दर्शक मकरंद आणि मी. मी एडिटर. शूट झालेले तुकडे जोडून एपिसोड तयार करणे हे माझे काम. मालिका दर रविवारी भटकायला निघणाऱ्या एका क्लबची. शूटिंग खडकवासल्याकडच्या टेकडीवर. पाच कलाकार, त्यांत अण्णा सर्वांत मोठे आणि गुडघ्याचे ऑपरेशन झालेले.

"मॅडम, टेकडीला लिफ्ट नाहीये," मकरंद म्हणाला.

"म्हणूनच म्हणतेय. त्यांना वगळून एपिसोड दाखवा."

अण्णांच्या कानावर ते गेलेच. त्यांचा फोन आला. "ताई, माझं चालणं हवं तेवढं कापा. फक्त मला घरी बसवू नका. पत्नी गेल्यापासून घरात फार शांतता असते हो."

मी काही कबूल केले नाही. कामाला लागले.

अण्णांना काढले आणि एक अडचण आली. पात्र जिकडे बघते, त्याला आम्ही लुक म्हणतो. लुक दिला, की पुढच्या शॉटमध्ये तिकडे काय आहे ते दाखवावे लागते. इथे चौघे वर बसून कोथिंबीर वडीवरून भांडत होते आणि मधूनमधून खाली बघत होते. खाली आता कुणीच नव्हते.

"हे लुक तू सांगितलेस?" मी मकरंदला विचारले.

"छे. अण्णा खरंच मागे राहायचे. सगळे बघायचे, नीट येतायत ना."

एकही शॉट लुकशिवायचा सापडेना. शेवटी उतारावर चरणाऱ्या म्हशीचा शॉट टाकला आणि मॅडमना दाखवला. चौघेही जीव टांगणीला लावून म्हशीची वाट बघत होते.

"पुढच्या एपिसोडपासून हिला घ्यायचं का?" मकरंदने गंभीरपणे विचारले. "चढते चांगली."

मॅडम हसू दाबत होत्या. मग मी अण्णांसकटचा एपिसोड लावला. भांडण, लुक, पुन्हा भांडण. अखेर धापा टाकत अण्णा येतात, चौघांकडे बघतात आणि विचारतात, "दमलात का रे?"

मॅडम मोठ्याने हसल्या.

"ही लाइन कुणी लिहिली?"

"कुणी नाही. त्यांचीच."

"राहू देत त्यांना. पण चढ जरा कमी द्या."

मी लगेच फोन केला.

"किती कापलं, ताई?" अण्णांनी विचारले.

"काहीच नाही. फक्त चढ थोडा कापलाय."

अण्णा घसा खाकरून म्हणाले, "बरं. उद्या गाडी किती वाजता?"

मालिकेला टीआरपी कधीच मिळाला नाही आणि ती लवकर बंद झाली. अण्णा मात्र शेवटच्या एपिसोडपर्यंत होते. तेव्हापासून कुणालाही कापण्याआधी मी बाकीचे कुठे बघताहेत ते पाहते. बराच वेळ वाचतो.