न भाजणारा हात

"हात काढ, आरं हात काढ, भाजतूयास," असं आबा बोंबलत होते, आणि ज्याच्यासाठी बोंबलत होते तो काहिलीच्या कडेवर उजवा पंजा टेकून माझ्याशी निवांत बोलत उभा होता. आबा म्हणजे गुऱ्हाळाचे मालक, कण्हेरीच्या शिवारातले बागाईतदार. त्यांचा आवाज असा, की ते कण्हेरीत खाकरले तर इंदापुरात बैल बुजायचे. उभा होता तो त्यांचा गुळव्या, उसाचा रस आटवून गूळ करणारा कारागीर आणि माझा लहानपणापासूनचा दोस्त. काहिलीत रस रटरटत होता, खाली चुलवाणात चिपाडं धडधडत होती. त्या लोखंडी कडेवर पाण्याचा थेंब पडला तर टिकत नव्हता, नाचून उडून जात होता. तिथं ह्याचा पंजा. कातडं जळल्याचा वास मला आला, त्याला आला नाही. मग त्यानं हात उचलला, डोळ्यांसमोर धरला आणि बाजारात दुसऱ्याची वस्तू बघावी तसा उलटसुलट करून पाहिला.

"भाजला वाटतं," तो म्हणाला.

"वाटतं?" आबा म्हणाले. "लेका, चामडं लोंबतंय की."

"दुखत न्हाय, आबा. रापलाय हात. पंधरा वरसं हितं काढल्यात."

आम्ही सगळे हसलो. चुलवाणात जाळ घालणारा हसला, मोळ्या वाहणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसलो मी.

का हसलो ते सांगतो. गुळव्याचं सगळं कसब बोटांत असतं. पाक होत आला की तो गार पाण्यात बोटं बुडवतो, तीच ओली बोटं उकळत्या पाकात घालून चिमूटभर पाक उचलतो आणि परत पाण्यात. पाण्यात त्याची गोळी वळते. ती किती मऊ, किती ताठ, एवढ्यावर काहील खाली उतरवायची का नाही ते ठरतं. दहा श्वास आधी उतरली तर ढेप बसत नाही, दहा श्वास उशीर झाला तर गूळ करपतो. आता अशा माणसाचा हात भाजायचाच बंद झाला, तर आम्हाला काय वाटावं? आम्हाला वाटलं, हा गुळव्यांचा राजा झाला. दुसरं काही वाटायला पाहिजे होतं, ते आमच्यातल्या एकालाही वाटलं नाही.

एकोणीसशे तीस साल उलटून गेलेलं होतं. माझी बैलगाडी होती. गुऱ्हाळावरच्या ढेपी बारामतीच्या पेठेत पोचवायच्या आणि परतताना कुणाचं पोतं, कुणाची पेटी घेऊन कळंबवरून इंदापूरपर्यंत जायचं. बैलांना रस्ता पाठ होता, त्यामुळं माझं तोंड मोकळं. भीमेच्या पुरात मी म्हशीच्या पाठीवर बसून पळसदेवच्या देवळाच्या कळसाला वळसा घालून आलो, हे मी इतक्या वेळा सांगितलं होतं की ती म्हैस कुठल्या रंगाची होती हे लोकच मला सांगायचे. अशा तोंडाला न भाजणारा हात मिळाला.

पहिल्या मुक्कामाला मी झालं तेवढंच सांगितलं. बारामती यायच्या आत माझा दोस्त कोपरापर्यंत हात घालून काहील ढवळत होता. कळंबला पोचेपर्यंत त्यानं तळहातावर निखारा घेऊन चिलीम पेटवली. इंदापुरात तर त्यानं काहिलीत पडलेलं पोर अलगद वर काढलं. पोर रडत होतं आणि हा हसत होता. ऐकणारे आ वासून बसायचे. मी त्यांच्या चिलमीचे झुरके ओढायचो आणि पुढच्या गावाला जायचो.

लोक मग मुद्दाम वाट वाकडी करून गुऱ्हाळावर यायला लागले. "दाखवा की," म्हणायचे. आणि हा दाखवायचा. माझी थाप खोटी पडू नये म्हणून माझा दोस्त चुलवाणातून निखारा उचलायचा, तळहातावर ठेवायचा आणि खरोखर चिलीम पेटवायचा. माणसं वाहवा करायची. जखम महिनाभर ओली राहायची. वर हळद दाबायची, चिंधी बांधायची, आणि पुढचे पाहुणे आले की चिंधी सोडायची. असे दोन हंगाम गेले.

एकदा त्याच्या बायकोनं मला दारात थांबवलं.

"भावजी, त्येंच्या हाताच्या गोष्टी सांगायच्या बंद करा."

"का वो वहिनी? नाव व्हतंय की गुळव्याचं."

"व्हतंय नाव. पर काल जेवताना त्येंच्या बोटात मला बाभळीचा काटा दिसला. मीच वढून काढला. कवा शिरला त्येंला ठावं न्हाय. वाटंत पायताण गळून पडतं, तरी चार शेतं तसंच चालत येत्यात. आन कानाच्या पाळ्या बघितल्यात का? फुगल्यात."

"वहिनी, तुमच्या हातचं खाऊन माणूस फुगनार न्हाय तर काय," असं म्हणून मी हसण्यावारी नेलं. आणि लपवत नाही, पुढच्या खेपेला तो काटाही मी गोष्टीत घातला. वीतभर केला.

तिसऱ्या हंगामात त्याची करंगळी वळायला लागली, तिच्या शेजारचं बोटही. पाकाची गोळी त्याच्या चिमटीतून निसटायची. एक आधण, म्हणजे आख्ख्या काहिलीचा गूळ, करपून गेलं. मग दुसरं. तेव्हा कुठं मी त्याला गाडीत घालून बारामतीला डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टर भला माणूस होता. त्यानं ह्याला डोळे मिटायला लावले, म्हणाला, मी जिथं हात लावीन तिथं बोट ठेवून दाखवायचं. आधी कापूस फिरवला. मग टाचणी घेतली. टाचणी मनगटाजवळ टोचत होती, रक्ताचा ठिपका आला होता. हा डोळे मिटून गुडघ्यावर हात ठेवून शहाण्या पोरासारखा बसलेला.

"करा की सुरू, डाक्टर," म्हणाला.

डॉक्टरनं टाचणी खाली ठेवली.

"किती दिवस झाले हे?" डॉक्टरनं विचारलं.

"तिसरा हंगाम," मी म्हणालो.

"तेव्हाच का नाही आलात? औषधाच्या सुया टोचून कदाचित थोपवता आलं असतं."

माझ्या दोस्तानं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. डॉक्टरला म्हणाला, "लोकं बघाय येत व्हती नव्हं."

रक्तपिती, म्हणजे महारोग, हा शब्द मी गावात काढला नाही. काढायची गरजच पडली नाही. दवाखान्यातून एवढासा वारा सुटला आणि बाकीचं काम माझ्या गोष्टींनी केलं. बारामतीपासून इंदापूरपर्यंत ज्या ज्या ओसरीवर मी न भाजणारा हात नाचवला होता, त्या प्रत्येक घरात हिशेब जुळला. कुणाला नाव सांगावं लागलं नाही, गाव सांगावं लागलं नाही. पंचक्रोशीत त्याच्याइतकी ओळख दुसऱ्या कुणाच्या हाताला नव्हती. ती मीच करून दिलेली.

आबांनी त्याला हाकललं नाही. काहिलीला हात लावू नको, एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी काहील राखेनं तीन वेळा घासून घेतली. तो लांब उभा राहून बघत होता, आणि घासणाऱ्याला सांगत होता की कडेला नीट घास, तिथं मळी धरती.

गावाबाहेर कालव्याच्या पाण्यानं चोपण झालेली जमीन होती, वर मीठ फुलल्यासारखी पांढरी, जिथं हरळीसुद्धा धड उगवत नाही. तिथं त्यानं खोप घातली. वहिनीला न्यायला तिचा भाऊ आला, तर ती म्हणाली, "ह्येंला भाकरी कोन करून घालनार? चुलीत हात घालून बसतील." आणि गेली नाही.

जगणं, मरणं यावर फार मोठं बोलणारी माणसं मी पाहिली आहेत. कीर्तनात पाहिली, बाजारात पाहिली, आणि त्यांतला एक मी स्वतः. त्या खोपीत मात्र असलं काही बोललं जात नसे. तिथं रोज संध्याकाळी, उजेड असेतोवर, वहिनी त्याचे तळपाय आणि तळहात तपासायची, बैलाचे खूर बघावेत तसे. काटा, खडा, जखम, मुंगळ्यानं खाल्लेलं. तो रोज सकाळी पटका बांधायचा. कुठं जायचं नव्हतं, कुणी येणार नव्हतं, आणि उरलेल्या चालत्या बोटांनी बांधायला अर्धा तास लागायचा. वहिनी बांधून देते म्हणाली तर तिला हाकलायचा. रोग अंगात चढतच होता, त्यात काही कमी झालं असं मी सांगणार नाही. नाकाचा आकार बदलला. आवाज घोगरा झाला. पण पटका एक दिवसही सैल नव्हता.

मी आठवड्यातून एकदा जायचो. गाडी बांधावर उभी करायची आणि गाडीवर बसूनच बोलायचं. उतरत का नाहीस, असं त्यानं कधी विचारलं नाही, तरी मी म्हणायचो, "बैल अवखळ हायेत, सोडून येता येत न्हाय." माझे बैल इतके गरीब होते की त्यांच्या शिंगांवर चिमण्या भांडायच्या.

एकदा तो म्हणाला, "मला एक आधण करायचंय."

"काहील कुठनं आनायची?"

"कढईत करू. रस तेवढा आन. आन कुनीतरी त्यो गूळ खायाचा. हिला सोडून. ही काय, मी माती दिली तरी खाईल."

"मी खातो की लेका," मी म्हणालो. असलं बोलायला मला कधी वेळ लागला नाही.

आबांकडं जाऊन मी थाप मारली की घरी काकवी करायची आहे, चार घागरी रस द्या. आबांनी दिला. वर म्हणाले, "घागरी माघारी आनू नगंस." त्यांना कळलं होतं.

तीन दगडांवर कढई चढवली. त्या दिवशी मी गाडीवरून उतरलो. मळी वर यायला भेंडीचा चीक त्यानं घातला, वर आलेली मळी त्यानं काढली, चुन्याची निवळी त्यानंच अंदाजानं ओतली, वहिनीला जवळ येऊ दिलं नाही. पाकाचा वास घेत होता, बुडबुड्यांचा आवाज ऐकत होता. पण शेवटी बोटं लागतातच, आणि ती त्याच्याकडं नव्हती.

"तू घाल बोटं," तो म्हणाला. "आदी पान्यात, मग पाकात. आन मला सांग."

मी घातली. डोळ्यांपुढं काजवे चमकले.

"कसं लागतंय?"

"गड्या, यमाच्या दरबारातलं तेल ह्येच्या परास गार आसंल."

"त्ये नगं. गोळी वळती का?"

"वळती. कशी म्हनशील तर राजाच्या घरचं लोनी..."

"लेका, एकदा तरी हाय तेवढंच सांग."

वहिनी माझ्याकडं बघत होती. मी गोळी चिमटीत दाबली आणि गप्प राहून त्या गोळीकडंच लक्ष दिलं. माणसं रोज एवढं लक्ष देऊन जगतात की काय कोण जाणे, मला ते नवं होतं.

"मऊ हाय. दाबली की चपटी व्हती."

"थांब मग."

थांबलो. पुन्हा घातली.

"आता?"

"दाबली तर जरा दबती, मग न्हाय दबत."

"उतर."

उतरवली. ढेप बसली, वाडग्याएवढी, लाल, जरा काळपट. त्याचं तोंड तेव्हा कसं झालं होतं याचं मी काही वर्णन करत नाही. त्यानं सुरीनं एक खडा फोडला, पळसाच्या पानात ठेवून माझ्यापुढं धरला.

"खा."

"ऊन हाय लेका. घरी जाऊन निवांत खातो. असल्या वस्तूला घाई करून कसं चालंल."

मी पान गुंडाळून बंडीच्या खिशात ठेवलं. कालव्याच्या पुलावर गाडी थांबवली, बैलांवर उगीच ओरडलो, आणि पानासकट तो खडा पाण्यात टाकला. मग खाली उतरून हात धुतले. माती लावून धुतले. रोग असा गुळातून लागत नाही असं पुढं कुणीतरी मला सांगितलं, पण त्या वेळी सांगितलं असतं तरी मी टाकलाच असता. भीमेचा पूर पोहलेला माणूस मी.

पुढच्या आठवड्यात गेलो, तर तो खोपीपुढं पटका बांधून बसलेला. वहिनी दारात पीठ मळत होती. गाडी थांबायच्या आत त्यानं विचारलं, "खाल्लास?"

"खाल्ला म्हंजे?" मी म्हणालो. "घरात कुनाला शिवू दिला न्हाय. जिभंवर ठिवला आन डोळंच मिटलं बघ. तीन दिस भाकरी गोड लागत व्हती. इंदापुरापासनं मुंग्या माझ्या तोंडाचा माग काढत आल्या. आबांच्या जन्मात आसला गूळ झाला न्हाय, आन बारामतीच्या पेठंत आसला उतरला न्हाय."

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही तोडलं नाही. वहिनीचे हात परातीत तसेच थांबले होते.

"चुना ज्यादा पडला व्हता," तो म्हणाला. "आमच्या दोघांचीबी तोंडं उलली."