विहीणबाई आणि भुताचा सिनेमा

माझ्या सुनेची आई ढोकीहून राहायला आली होती. दुपारी आम्ही दोघींनी टीव्हीवर आधी मारामारीचा सिनेमा पाहिला. एवढी माणसं कापली तरी हिरोचा सदरा पांढराच, म्हणून तो दोघींनाही आवडला नाही. मग भुताचा लागला. तो खरंच भीती वाटण्यासारखा होता, आणि तीच अडचण होती. जी आधी भ्याली, तिची गोष्ट दोन्ही गावांत झाली असती.

मोकळ्या केसांची भूतबाई कपाटातून बाहेर आली.

"केस विंचरायचं आईनं शिकवलं न्हाय वाटतं," मी म्हणाले.

"सासूनं तेल दिलं नसंल, विहीणबाई."

भुतानं एकाची मान मुरगाळली. मला पाणी प्यायचं होतं, पण उठले असते तर विहीणबाई 'पळाली' म्हणाल्या असत्या. त्यांनी पदराचं टोक दातांत धरलं होतं.

"दात दुखतोय का?"

"न्हाय, सुपारी अडकलीय."

तेवढ्यात मागून माझ्या खांद्यावर हात पडला. वळून पाहिलं तर ओले, मोकळे केस. आम्ही दोघी अशा ओरडलो की शेजारीण धावत आली. चहाचं विचारायला आलेली सून होती, नुकतीच न्हालेली.

आधी कोण ओरडलं ते तिला पक्कं ठाऊक आहे. ती सांगत नाही, नुसती हसते. आता ती दिवसभर केस मोकळे सोडून घरात फिरते. 'केस बांध' म्हणायची सोय तिच्या आईला नाही आणि मलाही नाही.